बंदुकीचे पाय

"हा हात थकतो रे आता," असं म्हणत इशेनालीनं आपला डावा हात दुकानाच्या फळीवर ठेवला, आणि शेजारी उभ्या उल्कानचा जीव वरखाली झाला.

थकत होता तो उजवा. थकत कसला, थरथरत होता, मागच्या वर्षीच्या लोकरकातरणीपासून. तो उजवा हात नवऱ्यानं कोटाच्या खिशात असा कोंबला होता, की आत एखादं पाखरू धरलंय आणि मूठ सैल केली तर ते उडून जाईल असं बघणाऱ्याला वाटावं.

"थकणारच की, आबा," फळीपलीकडून कुबात म्हणाला. कुबात म्हणजे इशेनालीच्या चुलतभावाचा मुलगा. नारिनच्या बाजारात दुर्बिणी, बूट, दोर, सापळे असं सगळं शिकाऱ्यांचं सामान विकायचा आणि स्वतः कधी टेकाडसुद्धा चढायचा नाही. "साठी उलटली तुमची. माझा तर पस्तिशीतच थकतो. पण तो चमचा उचलून."

"दिसतंय ते. आधी त्या पोटाला लाव टेकू, मग माझ्या बंदुकीला."

कुबात हसला, वाकला आणि खालच्या खोक्यातून एकेक काढून फळीवर मांडायला लागला. "बायपॉड म्हणतात याला. आपलेच जुने दोन पाय, आबा, फक्त लोखंडाचे."

जुने दोन पाय इशेनालीकडे होतेच. बापानं केलेले. डोंगरातल्या चिवट झुडपाच्या दोन काठ्या, टोकांना रानबोकडाचं शिंग बसवलेलं, कातड्याच्या वादीनं नळीला बांधायच्या. उन्हाळ्यात घोड्यानं त्यांवर पाय दिला. नव्या काठ्या तासायला इशेनाली बसला तेव्हा सुरी लाकडावर कमी आणि अंगठ्यावर जास्त चालली. "बोथट झालीय मेली," तो म्हणाला. "हो ना," असं म्हणून उल्काननं अंगठा बांधला. सुरीला तिनं सकाळीच धार लावली होती.

कुबातनं आधी लांब पायांचा टेकू उघडून दाखवला. बसल्या माणसाच्या छातीपर्यंत येणारा. "हा हलका. गवत असो, झुडूप असो, वरून नेम धरता येतो."

"आमच्याकडं कसलं गवत?" इशेनाली म्हणाला. "उघडा डोंगर आहे. बसलो तर पलीकडच्या खिंडीतून बोकड विचारेल, काय पावणं, चहा घेणार का?"

"मग हे बुटके. पोटावर पडून मारायचं." कुबातनं दोन बुटके टेकू पुढं सरकवले. दिसायला सख्खे भाऊ. उल्काननं एक हातात घेतला, पाय ओढून लांब केले, पुन्हा आत ढकलले. स्प्रिंग खाडकन वाजली.

"हा आवाज डोंगरभर ऐकू जाईल," ती म्हणाली.

"काकू, तुम्ही दुकान काढा. मी घरी बसतो." कुबात खूश झाला. "हळू सोडायचं बोटानं, म्हणजे वाजत नाही. आता फरक सांगतो. याची मान घट्ट. बंदूक जशी बसवली तशी राहणार. उतारावर मात्र एक पाय लांब, एक आखूड असं करत बसावं लागतं, तोवर जनावर चीनमध्ये पोचतं. आणि याची मान हलती. उतार कसाही असू दे, बंदूक मनगटानं सरळ करायची की झालं. डाव्या हाताला कामच नाही. आबांना हाच."

इशेनालीनं हलत्या मानेचा टेकू उचलला, डाव्या हातानंच. मान इकडंतिकडं डुलवून बघितली.

"ही अशी डुलली तर नेम कसा राहील?" उल्काननं विचारलं.

"मागचा हात धरून ठेवतो ना, काकू. उजवा. तो आबांचा पक्का आहे. हात कापणाऱ्यानं मात्र हा घेऊ नये. पुढून टेकू आणि मागून थरथर म्हणजे बंदूक पाळण्यासारखी झुलते. तसल्यांनी घट्ट मानेचा घ्यावा, आणि खांद्याशी टेकतो त्या दस्त्याखाली धान्याची पिशवी ठेवावी. परदेशी म्हातारे येतात ना शिकारीला, ते ठेवतात. लाजत नाहीत अजिबात."

"आणि आपल्यातल्या हात कापणाऱ्यांनी काय करावं?"

"त्यांनी घरी बसावं आणि नातवंडं खेळवावीत."

कुबात हसला. त्याच्याहून मोठ्यानं इशेनाली हसला. "हिला काय कळतंय," तो म्हणाला, "हिनं आयुष्यभर नेम धरला तो मेंढीवर, तोही काठीचा. दे हा हलत्या मानेचा."

उल्कान फळीवरच्या बुटांकडं बघत राहिली. घरात ती नवऱ्याशी भांडायची, तवा आपटायची, एकदा तर चहाचं सामोवार दारात फेकलं होतं तिनं. पण त्याच्या माणसांसमोर त्याला उणं करायचं नाही, हे सासरी आलेल्या दिवसापासून तिच्या अंगात मुरलं होतं. त्याचं नावसुद्धा तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. "अहो", नाहीतर "मुलाचे बाबा". त्या पुतण्यासमोर एक वाक्य बोलायचं होतं फक्त: यांचा डावा नाही, उजवा. जिभेवर आलेलं ते वाक्य तिनं गिळलं, आणि लोखंडाचे चुकीचे पाय खोगिराच्या झोळीत गेले.

या हाताचं गुपित तिनं वर्षभर सांभाळलं होतं आणि त्यात तिला मदत केली होती ती चहानं. पाहुण्याला वाटी काठोकाठ भरून दिली की "आता उठा" असा अर्थ होतो. मान द्यायचा तर थोडा थोडा ओतायचा. उल्कान नवऱ्याला तळाशी जेमतेम घुटकाभर द्यायला लागली. सांडायला वाटीत काही उरतच नसे. गावातल्या बायका म्हणायच्या, बघा, या वयात किती मान देते नवऱ्याला. उल्कान म्हणायची, देते खरी.

चहा सांभाळता आला. बंदूक कशी सांभाळणार?

शरद ऋतू सरता सरता, परवान्याच्या एकुलत्या एका रानबोकडावर इशेनालीनं गोळी झाडली होती. भला मोठा, शिंगं पाठीपर्यंत वळलेला. छातीवरचा नेम जबड्याला लागला. अर्धा जबडा उडालेलं ते जनावर एकदा वळून बघतं झालं आणि कड्यामागं गेलं. इशेनाली बर्फ पडेपर्यंत शोधत राहिला. घरी आला तो मांस खाणं सोडूनच. ताटातला तुकडा बोटानं कडेला सारायचा आणि पाव चहात बुडवून खायचा.

डोंगरातल्या खुरांच्या जनावरांना एक राखणदारीण असते, कायबेरेन. पोटापुरतं मारलं तर ती काही म्हणत नाही. पण जनावर अर्धवट मारून सोडलं, तर त्याची कळ मारणाऱ्याच्या घरातल्या पाळण्यावर येते. आणि ती कळ दुसऱ्या कुणाच्या गोळीनं फिटत नाही. ज्या हातानं अर्धवट सोडलं, त्याच हातानं पुरं करावं लागतं. इशेनालीच्या घरातला पाळणा अजून रिकामा होता. सून, बेगिमाय, तालुक्याच्या गावी सातवा महिना काढत होती. आधीचं एक पोटातच गेलं होतं.

उल्कानचा कायबेरेनवर विश्वास होता की नाही, तिचं तिलाच नक्की सांगता आलं नसतं. पण नवरा जेवत नाही, यावर होता. आणि बेगिमायचा फोन वाजला की तो उठून बाहेर गोठ्यात जातो, यावर होता.

मग सातारकुल आला. पलीकडच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या गोठ्यावर राहणारा धनगर, तोंडाचा फाटका, मनाचा बरा. "दादा, तुमचा बोकड जिवंत आहे," तो म्हणाला. "काळ्या घळीखाली हिंडतो, कळपापासून लांब. गवत तोंडात घेतो आणि ते खाली पडतं. लाळ गोठून दाढीसारखी लोंबतेय. मीच मारणार होतो, पण म्हटलं, तुमचं आहे."

"माझंच आहे," इशेनाली म्हणाला. त्या बाजूच्या वनरक्षकालाही त्यानं जाऊन सांगितलं. तो म्हणाला, लवकर उरका, बिचाऱ्याला सोडवा. दुसऱ्याच दिवशी नवराबायको नारिनला गेली होती.

नवे पाय बंदुकीला लावून इशेनालीनं घरामागच्या गोठलेल्या शेतात तेलाचा रिकामा डबा ठेवला आणि पोटावर पडला. उल्कान शेणी वेचण्याचं निमित्त काढून जवळ उभी राहिली. पुढचं टोक खरंच दगडासारखं बसलं होतं. मागं मात्र दस्ता खांद्यात नुसता उड्या मारत होता, आणि ती डुलती मान प्रत्येक उडीला होकार देत होती. गोळी डब्याच्या पलीकडं कुठंतरी बर्फ उडवून गेली.

"वारा आहे," इशेनाली म्हणाला.

चुलीचा धूर सरळ वर जात होता. "आहे खरा," उल्कान म्हणाली.

मग तिनं मुलाच्या जुन्या स्वेटरची बाही कापली, एक तोंड शिवलं, आत सातू भरला, दुसरं तोंड शिवलं. उशीसारखी पिशवी झाली. निघायच्या दिवशी पहाटे ती त्याच्यापुढं ठेवली. "दस्त्याखाली घ्या ही. म्हणजे मागून हलणार नाही."

"मागून कोण हलतंय?"

"कुणी नाही. घोड्याला खायला होईल, असू दे."

"पुतण्याच्या दुकानात काय ऐकलं ते शिकवतेस होय मला?" त्यानं पिशवी चुलीकडं सरकवली. तो घोड्याला खोगीर घालायला गेला तेव्हा तिनं ती उचलून आपल्या कोटात, छातीशी खोचली. बरोबर ती एकटीच चालली होती. घोडी धरायला कुणीतरी हवं, आणि पुरुष माणूस नेला तर त्याला डोळे असतात.

काळ्या घळीपाशी पोचेपर्यंत ऊन कड्यांवर चढलं होतं. घोडी ओढ्यात बांधून ती दोघं पोटावर सरपटत एका उंचवट्यावर गेली. बोकड शोधावा लागलाच नाही. समोरच्या उतारावर, वाऱ्यानं उघड्या पडलेल्या गवताच्या पट्ट्यात तो उभा होता. शिंगं तेवढी राहिली होती. बाकी सगळं कातडं, हाडांवर टाकलेल्या घोंगडीसारखं. तो तोंड खाली नेई, मान झटके, गवत पडे. पुन्हा तोंड खाली नेई.

"बघ," इशेनाली कुजबुजला. "दोन महिने तो हेच करतोय."

उल्काननं बघितलं नाही. तिनं खोगिराखालचं जाड लोकरीचं नमद्याचं कापड अंथरलं, म्हणजे टेकूचे पाय बर्फात रुतणार नाहीत. त्यानं टेकूचे पाय बोटानं हळूच सोडले. आवाज झाला नाही. बंदूक सरळ केली. मान डुलली आणि थांबली. क्षणभर सगळं असं नीट दिसत होतं, की तिला वाटलं, आपणच उगाच घाबरलो.

मग त्यानं हातमोजा काढला.

उघडा उजवा हात दस्त्याच्या गळ्याशी गेला आणि बंदूक जागी झाली. बंदुकीवरच्या दुर्बिणीची कड त्याच्या भुवईवर टकटक आपटायला लागली. त्यानं श्वास सोडला, धरला, पुन्हा सोडला. दात आवळले. "अहो," ती म्हणाली, "पिशवी आणलीय मी." त्यानं चाप ओढला.

बोकड उडाला आणि बसला. कुत्रं बसतं तसा, मागचा भाग जमिनीवर आणि पुढचे पाय ताठ. कमरेत लागली होती. तो पुढच्या पायांनी स्वतःला ओढायला लागला. ओरडायला त्याला जबडाच नव्हता. जो आवाज आला तो घशातून नुसता वाऱ्यासारखा, फाटक्या भात्यासारखा आला आणि घळीत भरून राहिला.

इशेनालीच्या हातातून काडतूस बर्फात पडलं. दुसरं काढलं, तेही पडलं. उल्काननं ते उचललं, डोक्याच्या रुमालानं पुसलं, बंदुकीत भरलं आणि खटका लावला. कितीतरी वर्षं ती बघत आली होती. हातांना येत होतं.

"दे ती," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

तिनं सातूची पिशवी दस्त्याखाली सारली आणि स्वतः त्याच्या अंगाला अंग लावून आडवी झाली. एवढ्या जवळ ती दोघं बऱ्याच दिवसांत आली नव्हती. त्याच्या कोटाला धुराचा आणि मेंढीचा वास होता. हात नुसता नाही, तो सगळाच थरथरत होता, तापातल्या माणसासारखा. तिनं पिशवी मुठीत आवळली. आवळली की दस्ता वर येई, सैल केली की खाली जाई.

"खाली," तो म्हणाला. "अजून. थांब. थोडं वर. तिथंच धर. हलू नकोस."

"मी नाही हलत."

"माझं बोट..." तो म्हणाला आणि थांबला. चापावरचं बोट आपलं आपण ठेका धरून नाचत होतं. उल्काननं दुसरा हात पलीकडून नेला आणि आपलं बोट त्याच्या बोटावर ठेवलं.

"दाबू नकोस हं. मी दाबतो."

"तुम्हीच दाबा."

तो आवाज घळीतून येतच होता. तिच्या बोटाखालचं त्याचं बोट ताठ झालं. आता दाबेल, आता दाबेल, म्हणून ती वाट बघत राहिली. बोट दाबत नव्हतं. ते गोठल्यासारखं, लाकडाचं होऊन तिथंच अडकलं होतं. "हीच वेळ आहे," तो म्हणाला, "हीच आहे, हीच..." बोट तरी हललं नाही.

उल्काननं दाबलं.

दस्त्याचा धक्का दोघांच्या हाडांत गेला. तिच्या कानात शिट्टी वाजत राहिली आणि शिट्टी विरली तेव्हा दुसरा आवाज थांबलेला होता.

"लागली," इशेनाली म्हणाला. "मानेत. सुटला." तो कुशीवर वळला. डोळ्यांत पाणी होतं, भुवईवर रक्त. "माझीच ना गं ती?"

"मग कुणाची? मी पिशवी धरली होती नुसती."

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं पापणी हलवली नाही. मग त्यानं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले, आमीन म्हणाला, आणि कितीतरी वेळ बर्फात तसाच पडून राहिला.

जनावरापाशी गेल्यावर त्यानं सुरी काढली आणि नमद्यावर ठेवून दिली. कातडं उल्काननंच काढलं. खाण्यासारखं त्यात काही नव्हतं. गालाच्या पोकळीत गवताचा गोळा सडून बसला होता, पोट चिमटीत मावेल एवढं. इशेनाली मुंडकं शिंगांसकट उचलून वरच्या खडकावर ठेवायला चढला तेव्हा ती गुडघ्यांवर बसून राहिली, रक्ताचे हात मांडीवर. आणि बाईनं बाईला पाणवठ्यावर सांगावं तसं तिनं कायबेरेनला हळूच सांगितलं: "बोट माझं होतं. तुला दिसलंच असेल. त्यांना काही कळायला नको. जे काय घ्यायचं ते माझ्याकडून घे. त्या पोरीच्या वाटेला जाऊ नकोस." डोंगरानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वरून इशेनालीच्या बुटाखालचे दगड तेवढे घरंगळत आले.

खाली ओढ्यात आल्यावर त्यानं झोळीतून घोड्याच्या मांसाचा तुकडा काढला, उकडलेला, थंडीनं दगड झालेला. दातानं तोडला आणि चावायला लागला. उल्कान पाठ फिरवून घोड्याचा पट्टा आवळत राहिली. पट्टा आवळलेलाच होता. डोळे पुसून झाल्यावर ती वळली.

तो खातच होता. आणि डाव्या हातानं बंदुकीच्या त्या लोखंडी पायांवरचा बर्फ झाडत होता.

"पाय चांगले निघाले," तो म्हणाला. "पहिली जरा वाऱ्यानं गेली. पण दुसरी बघितलीस ना? मानेत. एवढ्या लांबून."

"बघितली."

"कुबातला सांगितलं पाहिजे. पोट्या असला तरी सामान ओळखतो."

तिनं घोड्याचा दोर सोडला. आपल्या दोन शब्दांनी त्याचं जेवण परत आलं होतं. त्याबरोबर आणखी काय परत आलंय ते तिला आत्ता दिसायला लागलं होतं.

ओढा खोऱ्याला मिळतो तिथं सातारकुल घोड्यावर बसून त्यांचीच वाट बघत होता. गोळ्यांचे आवाज त्यानं ऐकले होते. लांबूनच त्यानं हात वर केला. "शिरालगा, दादा! शिरालगा!"

शिकारीहून परतणाऱ्याला जो पहिला भेटून ही हाक देतो, त्याचा शिकारीत वाटा असतो. नाही म्हणायची सोय नसते, आणि नाही म्हणावंसं कुणाला वाटतही नाही. इशेनाली खोगिरात ताठ झाला. वर्षभरात त्याचा आवाज एवढा मोकळा तिनं ऐकला नव्हता.

"मांस नाही रे बाबा त्यात, भूत होतं नुसतं. कातडं घे." त्यानं गुंडाळलेलं कातडं खोगिरावरून सोडलं आणि त्याच्या घोड्यापुढं बर्फावर टाकलं. "बायकोला बसायला कर."

"तिला बसायला वेळ कुठं? दिवसभर मला बोलत उभी असते." सातारकुल हसला. "सुटला म्हणायचा बिचारा. कुणाची गोळी? वहिनी, तुम्ही तर नाही ना मारलात?"

इशेनाली खदखदून हसला. उल्कानही हसली, हसावंच लागलं.

"मग दादा, एक काम आहे." सातारकुलनं घोडा जवळ घेतला. "लांडग्यांनी माझी दोन शिंगरं नेली. शुक्रवारी हाका घालतोय. मी आणि माझे दोघे भाऊ वरून हाकत खाली येणार, थेट काळ्या घळीच्या तोंडापर्यंत. तोंडाशी बसायला पक्क्या हाताचा माणूस हवा. लांडगे आधी येतील, त्यांच्या मागोमाग आम्ही. घाईत मारणारा मला तिथं नको. तुम्ही बसा."

"बसतो की," इशेनाली म्हणाला. "पाय आहेत आता बंदुकीला."

उल्कानला ती घळ ठाऊक होती. तोंडाशी एवढी अरुंद, की दोन घोडी शेजारी चालत नाहीत. तिला दिसलं: लांडगे बाहेर पडताहेत, त्यांच्यामागं हे तीन भाऊ आरडाओरडा करत उतरताहेत, आणि समोर पोटावर पडलेला आपला माणूस. पुढून दगडासारखा, मागून थरथरता. तिथं कुणी पिशवी धरणारं नसेल. बाईला हाक्याला कोण नेतं?

एकच गोष्ट सांगितली तर भागलं असतं: दुसरी गोळी माझी होती. मग हा बंदूक खाली ठेवेल. आणि मग बेगिमायचं बाळंतपण होईपर्यंत हा गोठ्यात बसून राहील. न जेवता. आणि देव न करो, काही वेडंवाकडं झालं, तर मरेपर्यंत आपल्या हाताकडं बघत बसेल. ती गोष्ट सांगता येत नव्हती. उरली दुसरी.

"त्यांचा उजवा हात कापतो," उल्कान म्हणाली.

सातारकुलचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "थंडी आहे, वहिनी. माझाही..."

"थंडीनं नाही. उन्हाळ्यातही कापतो. वर्ष झालं. पहिली गोळी आज कमरेत लागली, ती वाऱ्यानं नाही." आवाज तिचाच होता, पण तिला तो शेजारच्या घरातून ऐकू येत असावा तसा वाटला. "त्यांना घळीच्या तोंडाशी बसवू नका. तुमच्या भावांनाही सांगा, यांच्या बंदुकीसमोरून चालू नका."

सातारकुलच्या घोड्यानं फुरफुर केलं. सातारकुल घोड्याच्या कानांमधून लांब कुठंतरी बघत होता. परक्याच्या घरात चुकून उघड्या अंगाच्या माणसावर नजर पडावी तसं त्याचं तोंड झालं होतं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "मग... बघतो मी. कळवतो." आणि त्यानं घोडा वळवला. कातडं बर्फावर तसंच पडून राहिलं. शिरालगा मागून ती न घेता गेलेला माणूस उल्काननं जन्मात बघितला नव्हता. हाक मारून त्याला परत बोलवावं, असं तिला वाटलं. दिलेला वाटा परत उचलायचा नसतो, म्हणून तिनंही तो उचलला नाही.

इशेनालीनं उजवा हात कोटाच्या खिशातून काढला. हातमोजा न घालता लगाम धरला. हात उघड्यावर, सगळ्या खोऱ्यासमोर नाचायला लागला आणि लगामाची कडी त्या तालावर किणकिणायला लागली. त्यानं हात लपवला नाही. घोडा चालवला.

गोठलेल्या नदीपाशी तो नेहमी थांबायचा, आधी उतरून टाचेनं बर्फ ठोकून बघायचा, मग तिला पुढं घ्यायचा. आज थांबला नाही. घोडा तसाच बर्फावर घातला आणि मध्यावर जाऊन लगाम ओढला. तिच्याकडं पाठ होती.

"आणि दुसरी गोळी?" त्यानं विचारलं. "ती कुणाची होती?"

"तुमची," उल्कान म्हणाली.

"माझ्याकडं बघून सांग."

तिनं घोडा बर्फावर घातला, त्याला वळसा घालून पुढं गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. खालून बर्फ कुरकुरला. त्याच्या भुवईवरचं रक्त वाळून काळं झालं होतं. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"तुमची होती," ती म्हणाली.

तो खूप वेळ तिचा चेहरा शोधत राहिला, बर्फ पडेपर्यंत त्यानं डोंगर शोधला होता तसा. काय सापडलं ते त्यानं सांगितलं नाही. मग त्यानं घोडा तिच्या शेजारून काढला, आणि पलीकडचा काठ चढायला लागला. ती त्याच्या मागं निघाली, नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून.